छपराचा मागचा उतार

बसमधून कुणीही खाली उतरायचं नाही, असं आम्हाला चढण्याआधीच दोनदा सांगण्यात आलं. खिडकीतून आपापलं घर बघायचं, हवा तर फोटो काढायचा आणि ठरलेल्या रस्त्यानं परत यायचं. सांगणारी बाई गोड आवाजाची होती. मिस पॅटन तिचं नाव. सरकारनं तिला उत्तरेकडच्या कुठल्याशा गावाहून या कामासाठी आणलं होतं, आणि हे नियम तिनं केलेले नव्हते, ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. बसच्या दाराशी बंदूक घेतलेला एक सैनिक उभा होता. पोरसवदा, उन्हानं गालांची सालं निघालेला. छातीवरच्या पट्टीवर हॅन्सन असं नाव होतं.

"म्हणजे आपल्याच घराची सहल," लेरॉय न्हावी म्हणाला. "जन्मभर या शहरात पाहुण्यांनी भरलेल्या बसेस बघितल्या. म्हातारपणी आपला नंबर लागला."

"गप बस, लेरॉय," आमच्या चर्चच्या मिस व्हेल्मा म्हणाल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, लग्न झालेलं असो वा नसो.

"गप कशाला बसू? गाईडबाईंना विचारतो की, येताना कॉफी आणि भजी देणार का?"

दोघंतिघं हसले. हसणं लगेच थांबलं. वादळाला दोन महिने होत आले होते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या नवव्या वॉर्डातले आम्ही सगळे ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज असे वाऱ्यावर उधळल्यासारखे पांगलो होतो. एकमेकांना पाहून बरं वाटत होतं. पण कोण आलं नाही, हे विचारायला जीभ रेटत नव्हती.

विल्बर्ट गॅस्पार माझ्या पुढच्या बाकावर, खिडकीशी बसला होता. चोपन्न वर्षांचा गडी, शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरी धुण्याचं काम करायचा. तो कुणाशी बोलला नाही, लेरॉयच्या बोलण्यावर हसलाही नाही. तो घर बघायला आलेलाच नव्हता. त्याला घराच्या छपराचा मागचा उतार तेवढा बघायचा होता.

चाळीस वर्षांपूर्वी बेट्सी नावाच्या वादळात कालव्याचं पाणी याच वस्तीत शिरलं होतं. माणसं पाण्याला भिऊन माळ्यावर चढली आणि पाणी त्यांच्या मागोमाग चढलं. वर छप्पर, खाली पाणी. ओसरल्यावर त्या माळ्यांतून जे खाली उतरवावं लागलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्या घरात पुढे माळ्यावर कुऱ्हाड नाही असं कधी झालं नाही. नव्या सुनेला घर दाखवताना सासू आधी माळ्यावर नेते आणि कुऱ्हाड कुठल्या खिळ्याला टांगली आहे ते दाखवते. स्वयंपाकघर नंतर.

विल्बर्टचा बाप सायलस हा गोदीतला सुतार. त्यानं याच्याही पुढचा विचार केला होता. वाऱ्यासाठी छप्पर घट्ट असावं लागतं आणि पाण्यासाठी कच्चं. दोन्ही एकाच छपरात साधायचं कसं? सायलसनं सगळ्या छपराला जाड फळ्या मारल्या. मागच्या उतारावर मात्र, दोन वाशांच्या मधे, उभ्या माणसाचा हात सहज पोचेल अशा एका जागी पातळ फळी घातली, आणि आतून तिच्यावर तांबड्या रंगानं गोल काढला. घाव इथं घालायचा. बाप गेल्यावर विल्बर्टनं छप्पर बदललं तेव्हा मी त्याच्या मदतीला होतो. ती जागा आम्ही तशीच राखली. त्याची आई, मिस इओला, काम बघायला स्वतः शिडीवरून माळ्यावर आल्या. तांबड्या गोलावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि मला विचारलं, "काय हो, म्हाताऱ्या बाईचा हात चालेल ना इथं?"

"चालेल, मिस इओला," मी म्हणालो.

मिस इओला वादळापासून बेपत्ता होत्या. विल्बर्टनं ह्यूस्टनच्या प्रत्येक छावणीत जाऊन विचारलं होतं. सरकारच्या चौकशीच्या फोनवर तासन्‌तास ताटकळून त्याला दर वेळी एकच उत्तर मिळे: त्या पत्त्यावरच्या घराची तपासणी झालेली आहे, घरात कुणीही नाही. ते ऐकून त्याला धीर यायचा. घरात नाही म्हणजे कुठंतरी आहे. छपराला मोठं भोक असेल तर आई त्यातून बाहेर पडली, कुणीतरी तिला उचलून नेलं, आणि कुठल्या तरी राज्यातल्या इस्पितळात ती पडून आहे. भोक नसेल तर पाणी येण्याआधीच ती कुणाच्या तरी गाडीतून निघून गेली. त्याच्या हिशेबात दोन्हीकडून आई जिवंत होती. म्हणून त्याला तो उतार बघायचा होता. कुठल्या दिशेनं शोधायचं ते त्यावरून ठरणार होतं.

शहर सोडा असा हुकूम निघाला तो रविवार होता. हुकूम रेडिओवरून आला, त्याबरोबर बस आली नाही. आमच्या वस्तीत ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. विल्बर्टकडे नव्हती. हॉटेलनं त्याला कामावर बोलावलं होतं, पाहुणे अडकले होते, चादरी लागणार होत्या. घरच्या माणसांना घेऊन आलात तर खालच्या मजल्यावर झोपायला जागा देऊ, असं वर सांगितलं होतं. तो आईला न्यायला तयार होता. पण मिस इओला आमच्या चर्चच्या मुख्य अशर. चाळीस वर्षं दर रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून त्या दारात उभ्या राहत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द न बोलता, नुसत्या हाताच्या खुणेनं त्याच्या जागेवर नेऊन बसवत. त्या दिवशीही, जे जाऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी पास्टरनं प्रार्थना ठेवली होती.

"लोक येणार आणि दारात कुणी नसणार?" त्या म्हणाल्या होत्या. "तू हो पुढं. संध्याकाळी ने मला."

संध्याकाळी कालव्यावरचा पूल वर उचलून बंद केलेला होता. विल्बर्ट अलीकडे, आई पलीकडे. त्यानं हॉटेलातून फोन केला. ती म्हणाली, "माझा पोशाख ट्रंकेत घालून ट्रंक वर नेऊन ठेवलीय. कुऱ्हाड जागेवर आहे. तू जेवलास का?"

फोनवरचं तिचं ते शेवटचं बोलणं.

बस कालवा ओलांडून आमच्या भागात शिरली. रस्त्यांची नावं सांगायला पाट्या उरल्या नव्हत्या. चर्चच्या मनोऱ्यावरून आणि मोठ्या ओक झाडावरून आम्ही अंदाज बांधत होतो. घरं पायांवरून उचलली जाऊन एकमेकांवर रेलली होती. एका गाडीवर घर होतं आणि एका घरावर गाडी. माझं घर जिथं होतं तिथं सिमेंटच्या तीन पायऱ्या दिसल्या. मी फोटो काढला नाही.

"तलावाकडच्या लोकांना आत जाऊ देतायत," मिस व्हेल्मा खिडकीकडे बघत म्हणाल्या. "माझी भाची तिकडं एका घरी कामाला आहे. तिच्या मालकिणीनं घरात जाऊन चांदीची भांडी काढली, लग्नातले फोटो काढले. पाणी तिकडंही छपरापर्यंतच होतं."

"त्यांच्या घरात पाणी शिरलं, मिस व्हेल्मा," लेरॉय म्हणाला. "आपल्या घरात चोर शिरलेत. म्हणून तर हा पोरगा बंदूक घेऊन बसलाय. आपण चोरून नेऊ ना आपलीच पायरी."

हॅन्सननं मान खाली घातली. मिस पॅटन घसा साफ करून म्हणाल्या, "इथली घरं धोकादायक आहेत. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे."

"हो, बाई," लेरॉय म्हणाला. "आमच्या सुरक्षिततेची काळजी सगळ्यांना अशी उशिराच वाटायला लागते."

विल्बर्टचं घर उभं होतं. वळणावर ते दिसलं तेव्हा तो खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता. भिंती चिखलानं तपकिरी, पन्हाळीपर्यंत पाण्याची रेघ. दारावर भली मोठी नारिंगी फुली, फुलीच्या एका कोपऱ्यात तारीख, आणि खालच्या कोपऱ्यात शून्य. आत कुणी नाही, जिवंत नाही, मेलेलं नाही.

"बघा, मिस्टर गॅस्पार," मिस पॅटन हळुवारपणे म्हणाल्या. "पथक येऊन गेलंय. शून्य आहे."

विल्बर्टनं मान हलवली. पण तो दाराकडे बघत नव्हता. छपराचा पुढचा उतार अखंड होता. मागचा उतार रस्त्यावरून दिसणं शक्य नव्हतं.

"मागच्या गल्लीनं जाता येईल का?" त्यानं विचारलं.

"रस्ता ठरलेला आहे. सॉरी."

"एकच गल्ली आहे, बाई. पुढच्या कोपऱ्यावर वळलं की झालं."

"मला परवानगी नाही, मिस्टर गॅस्पार. खरंच नाही."

बस चालवणारा रूफस हा आमच्याच शहरातला, पलीकडच्या वॉर्डातला माणूस. आरशातून त्यानं विल्बर्टकडे पाहिलं. कोपरा आला तसं त्यानं चाक फिरवलं आणि सगळी बस मागच्या गल्लीत घातली.

"मिस्टर रूफस!" मिस पॅटन उभ्या राहिल्या.

"रस्त्यावर तार पडलीय, मॅडम. सुरक्षिततेचा प्रश्न आहे," रूफस शांतपणे म्हणाला.

तार कुठंच नव्हती. बस गल्लीतून सावकाश, चिखलाच्या वाळलेल्या ढिगांवरून डुलत निघाली. मागच्या अंगणाशी येताच रूफसनं न सांगता ब्रेक दाबला.

छपराच्या मागच्या उतारावर भोक होतं. जिथं असायला हवं होतं तिथंच, दोन वाशांच्या मधे. ताटलीएवढं. फळीची फाटलेली टोकं बाहेरच्या अंगाला वळलेली होती. वाऱ्यानं मोडलेली फळी तशी वळत नाही, आतून घाव बसला तरच वळते. भोकातून झाडूचा लांब दांडा वर आला होता. दांड्याच्या टोकाला पांढरा हातमोजा बसवून मनगटाशी रिबिनीनं बांधलेला होता. दोन महिन्यांच्या ऊनपावसानं तो मळकट झाला होता, पण त्याची बोटं ताठ होती. आत काहीतरी ठासून भरलेलं असावं. हात वर करून कुणीतरी उभं आहे असं दिसत होतं.

त्या भोकाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. ताटलीएवढ्या भोकातून माणूस बाहेर येत नाही. लेरॉयनं डोक्यावरची टोपी काढली. मग बाकीच्या पुरुषांनी काढल्या.

"वादळानं छपराचं नुकसान..." मिस पॅटन म्हणायला लागल्या, आणि आमच्याकडे बघून थांबल्या. "काय आहे ते? काय झालं?"

"माझी आई आत आहे," विल्बर्ट म्हणाला.

त्यानं ते मोठ्यानं म्हटलं नाही. रूफसनं दाराची कळ दाबली आणि दार उघडलं. विल्बर्ट उठला तसा हॅन्सन त्याच्या आडवा आला, बंदूक छातीशी आडवी धरून.

"सर, प्लीज. उतरता येणार नाही."

"बाळा, बाजूला हो."

"सर, मला हुकूम आहे."

विल्बर्टनं बंदुकीकडे पाहिलं. त्याची वाट अडवणारी ही पहिली बंदूक नव्हती. वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी हॉटेलनं पाहुण्यांना भाड्याच्या बसेसमधून बाहेर काढलं आणि कामगारांना सांगितलं, तुम्ही आपलं बघा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन ते सगळे कामगार चालत नदीवरच्या पुलाकडे गेले. पलीकडे कोरडं गाव होतं. पुलावर पलीकडच्या गावचे पोलीस उभे होते. त्यांनी डोक्यांवरून गोळ्या झाडल्या आणि सगळ्यांना परत पाठवलं. तेव्हा विल्बर्ट परतला होता. आता तो परतला नाही. तो नुसता पुढे झाला, सावकाश, बंदुकीचा दांडा त्याच्या छातीला टेकेपर्यंत. पोरगा एक पायरी मागे सरला. मग आणखी एक. असे ते दोघं बसमधून खाली उतरले.

"त्याला तिथं थांबवा, हॅन्सन. मी रेडिओवर विचारते," मिस पॅटन म्हणाल्या. "मिस्टर गॅस्पार, कृपा करून घराजवळ जाऊ नका. मी विचारते. मी सांगते त्यांना."

विल्बर्ट अंगणाच्या कडेला थांबला. कुंपण राहिलं नव्हतं, पण कुंपण जिथं होतं तिथंच तो थांबला. त्यानं छपराकडे बघून एकदा हाक मारली. "ममा!"

पक्षी नव्हते, कुत्री नव्हती. हाक सगळ्या वस्तीतून फिरून आली.

मिस पॅटन रेडिओवर पत्ता सांगत होत्या, भोकाबद्दल सांगत होत्या, हातमोज्याबद्दल सांगत होत्या. पलीकडचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. हे घर तपासलेलं आहे. निकाल शून्य. पुन्हा तपासणी हवी असेल तर नातेवाइकानं मागणी नोंदवावी.

"दार उघडलंच नाही त्यांनी," मी खिडकीतून म्हणालो. "पुढून येताना मी बघितलं, बाई. दार आणि चौकट यांच्यामधला चिखल वाळून एकसंध झालाय. रंगाची फुली त्या चिखलावरून गेलीय आणि चिखलाला चीर नाही. दार उघडलं असतं तर ती पडली असती. रस्त्यावरून हाका मारल्या असतील, रंग मारला असेल आणि गेले असतील."

मिस पॅटननी ते जसंच्या तसं रेडिओवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की पथकाच्या नोंदीवर शंका घेण्याचा अधिकार बसवरच्या कर्मचाऱ्यांना नाही.

तेव्हा मिस व्हेल्मा उठल्या. त्यांचं वय शहात्तर, गुडघे दुखरे. रूफसनं हात दिला तो त्यांनी घेतला नाही. त्या उतरून विल्बर्टच्या शेजारी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाठ ताठ, डावा हात पाठीमागे, मूठ कमरेला टेकलेली, उजवा हात बाजूला सरळ. अशर दारात उभी राहते तसं. मिस इओलांच्या बरोबर तीस वर्षं त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या. चर्चमध्ये मयत असलं की ते बाहेर निघेपर्यंत अशर हलत नाहीत. मिस व्हेल्मांच्या मागोमाग आणखी दोघी उतरल्या, मग लेरॉय, मग मी, मग सगळेच. आम्ही चिखलात रांगेनं उभे राहिलो. कुणी घोषणा दिली नाही, कुणी गायलं नाही. हॅन्सननं बंदूक खाली केली. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. आमच्या रांगेच्या टोकाला तोही तसाच उभा राहिला.

थोड्या वेळानं त्यानं विल्बर्टला विचारलं, "मी... मी जाऊन बघू का, सर? फक्त खिडकीतून?"

"हॅन्सन!" मिस पॅटन म्हणाल्या. "नको. तुझ्यावर खटला होईल. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलंय." आणि मग, आवाज खाली आणून, "मिस्टर गॅस्पार, आता ते म्हणतायत की आपण निघालो नाही तर दुसरी बस सोडणार नाहीत. दुसऱ्या बसमधले लोक सकाळपासून वाहनतळावर थांबलेत. अंधारानंतर इथं कुणालाच राहता येत नाही. ते फेऱ्याच बंद करतील."

त्या हे बोलल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या बसमधल्या लोकांनाही आपापलं छप्पर बघायचं होतं. विल्बर्टनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्याला थांब म्हणालो नाही आणि चल म्हणालो नाही.

त्यानं वर पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात, जणू ती स्वयंपाकघरात आहे आणि तो बाहेरच्या ओट्यावरून बोलतोय, असं म्हणाला, "ममा, बघितलं मी. मला दिसला हात."

मग तो वळून बसमध्ये चढला. मिस व्हेल्मा सगळ्यांत शेवटी चढल्या, उलट्या पावलांनी, छपराकडे पाठ न करता.

मागणी त्यानं त्याच संध्याकाळी नोंदवली. रोज फोन केला. मिस पॅटननीही केला, आणि नंतर कळलं की त्यांना त्या कामावरून परत पाठवलं. पथक नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटून गेल्यावर आलं. या वेळी त्यांनी दार तोडलं. दारावरचं शून्य त्यांनी खोडलं नाही. त्याच्या खाली नव्या रंगानं १ हा आकडा काढला.

मिस इओला माळ्यावर ट्रंकेशेजारी बसलेल्या मिळाल्या. अंगावर पांढरा पोशाख होता, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. कुऱ्हाड मांडीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सरकारी डॉक्टरनं विल्बर्टला सांगितलं की पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. माळ्याच्या तळाशी येऊन थांबलं होतं. उकाड्यानं आणि तहानेनं गेल्या.

विल्बर्टनं एकच विचारलं. "किती दिवस होती ती?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसांत आमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टरं सारखी जात होती. हॉटेलच्या गच्चीवर उभं राहून विल्बर्टनं ती स्वतः मोजली होती.

देह ताब्यात मिळायला फेब्रुवारीतल्या कार्निव्हलचे दिवस उजाडले. सरकारी शवागारातून आधी एक कागद हवा होता, मग दुसरा. शहराच्या वरच्या भागात मिरवणुकांची तयारी चालली होती, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. आमच्या चर्चचा पियानो पुराच्या पाण्यानं वर जाऊन छताला अडकलेला होता. म्हणून कालव्याअलीकडच्या एका चर्चनं आम्हाला त्यांचं सभागृह दिलं.

आमच्यात अशर गेली की तिच्या सोबतच्या अशर तिचे हातमोजे शवपेटीवर ठेवतात, डावा खाली, उजवा वर. ट्रंकेत एकच मोजा होता, डावा. उजव्याबद्दल विल्बर्टनं पथकाला विचारलं तेव्हा अशी कुठलीही वस्तू आढळली नाही, असं उत्तर आलं. म्हणून अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तो आणि मी शिडी घेऊन गेलो. आता आत जायला मनाई नव्हती, कुणी विचारलंही नाही. मी शिडी धरली. तो मागच्या उतारावर चढला, रिबिनीची गाठ सोडली आणि मोजा खाली आणला. बोटांमध्ये कागद ठासलेला होता. चर्चमध्ये उन्हाळ्यात वारा घ्यायला आम्ही जे कागदी पंखे वाटतो, त्यांचे तुकडे. बोटं ताठ राहावीत म्हणून तिनं एकेका बोटात ते भरले होते. विल्बर्टनं ते बाहेर काढले नाहीत. मी शिडीपाशी मान खाली घालून उभा राहिलो. चालेल, मिस इओला, असं मी म्हणालो होतो, आणि हात चालला होता.

"धुऊन देते मी," मिस व्हेल्मा दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या. "सोड्यानं निघेल, बाळा. पांढरा शुभ्र करते."

"नको," विल्बर्ट म्हणाला.

पेटीवर मिस व्हेल्मांनी आधी डावा ठेवला, पांढरा, इस्त्रीची घडी न मोडलेला. त्यावर उजवा ठेवला, करडा, ताठ.

सभागृह मोठं होतं. बोलवायला आम्ही सगळीकडे फोन केले होते, पण ह्यूस्टनहून यायला बसचं भाडं लागतं, अटलांटाहून त्याहून जास्त, आणि नव्या कामावर सुट्टी मागायची कुणाची हिंमत नव्हती. पुढचे तीन बाक भरले. लेरॉय आला, रूफस आला. उत्तरेकडच्या एका पत्त्यावरून, नाव नसलेला, पांढऱ्या फुलांचा एक गुच्छ आला.

पास्टरनं प्रार्थना सुरू केली. मिस व्हेल्मा बसल्या नाहीत. त्या मागे दाराशी गेल्या आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या, डावा हात पाठीमागे, आणि पांढऱ्या मोज्यातला उजवा हात त्यांनी रिकाम्या बाकांकडे वळवून धरला, येणाऱ्यांना जागा दाखवायला. शेवटचं गाणं संपेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.